ओढणं सोपं, पेलणं अवघड : अमेरिकेतला पिकअप आणि त्याच्या मागचं छोटं घर

या मालेतल्या मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेतल्या महामार्गांचा इतिहास पाहिला. आज त्या महामार्गांवर दिसणारी एक जोडी घेऊ. पुढे पिकअप ट्रक आणि मागे पंधरा-सतरा फुटांचं, चाकांवरचं छोटं घर. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी, जागा असली तर छोटंसं न्हाणीघर. आपले बरेच श्रोते अमेरिकेत राहतात, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो : असा छोटा ट्रेलर घ्यायचाय, तर तो ओढायला पिकअप कुठला घ्यावा?

प्रश्न दुकानातला वाटतो. इतिहासाच्या माणसाचं इथं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बहुतेक कुटुंबांना हा प्रश्न पडलाच नसता. तेव्हा ट्रेलर घरच्या मोटारीलाच जोडायचे. त्यासाठी वेगळा ट्रक लागतो, तोही एवढा मोठा आणि एवढा महाग, ही गोष्ट मधल्या काळात घडली. ती घडवण्यात कोंबड्यांचा हात आहे, तेलाचा आहे आणि जाहिरातीतल्या एका आकड्याचाही आहे. तो आकडा आजही माणसांची दिशाभूल करतो. ती झाल्याचं कळतं तेव्हा माणूस डोंगराच्या उतारावर असतो आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

आधी एक छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. साल १९४७. आल्फ्रेड लेतूर्नेर नावाचा फ्रेंच सायकलपटू. यानं १९४१ मध्ये सायकलवर ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त वेग गाठून विक्रम केला होता. छायाचित्रात तो सायकलवर आहे आणि सायकलीला मागे ॲल्युमिनियमचा चकाकणारा एअरस्ट्रीम ट्रेलर जोडलाय. अख्खा ट्रेलर, आणि तो ओढतोय एक माणूस, पायडल मारून. एअरस्ट्रीम कंपनीची ही जाहिरात इतकी गाजली की तो सायकलवाला पुढे कंपनीच्या बोधचिन्हात गेला.

आता बघा, ही जाहिरात खोटी नाही. सपाट रस्त्यावर, संथ वेगानं, हलका ट्रेलर ओढायला फार ताकद लागत नाही. चाकं त्यासाठीच असतात. अवघड आहे ते पुढचं. चढावर थांबलेला ट्रेलर पुन्हा हलवायचा, उतारावर तो आवरायचा, बाजूनं मोठा ट्रक सुसाट गेला तरी सरळ रेषेत ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या वजनाचा काही भाग स्वतःच्या अंगावर घ्यायचा. लेतूर्नेरला घाट उतरायला सांगितलं नव्हतं!

हा अंगावर घ्यायचा भार म्हणजे काय? आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. दोन चाकं, मध्ये आस. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझं येतं. म्हणून माल असा रचायचा की जुवावर थोडा भार राहील, पण मान मोडणार नाही. ट्रेलरचं तंत्र हेच आहे. त्याच्या पुढच्या दांडीचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असं तिकडचे जाणकार सांगतात. त्याहून कमी झाला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि वेगात सुरू झालेलं हे डुलणं पुढची गाडीसुद्धा उलटवू शकतं. फार जास्त झाला तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि वळवायला, थांबवायला जी पकड लागते ती कमी होते. थोडक्यात, ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो बैलाच्या मानेवर बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सुरुवातीला जाऊ. १९१९ साली फ्लोरिडात टॅम्पा इथल्या डी सोटो पार्कमध्ये मोटारीतून भटकणाऱ्या लोकांनी एक संघटना काढली, टिन कॅन टुरिस्ट्स. मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा रिकामा डबा ही त्यांची खूण. तंबू, घरी बनवलेल्या गाड्या, मागे जोडलेले लाकडी खोके, सगळं त्यांच्यात होतं. पुढे गाडी बहुतेक फोर्डची मॉडेल टी, वीस अश्वशक्तीची. १९२९ मध्ये डेट्रॉईटचे आर्थर शर्मन नावाचे जीवाणुशास्त्रज्ञ विकत घेतलेल्या कॅम्पिंग ट्रेलरला वैतागले आणि त्यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे दुसरा बनवून घेतला. त्यातून 'कव्हर्ड वॅगन' ही कंपनी उभी राहिली आणि तीसच्या दशकात ती ट्रेलर बनवणाऱ्यांत आघाडीवर गेली. तेव्हा वेड एवढं होतं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला लागेल, असं भाकीत रॉजर बॅब्सन या नामांकित अर्थतज्ज्ञानं केलं होतं. मंदीचा काळ होता. कुणाला ट्रेलर म्हणजे सुट्टी होती, कुणाला घर गेल्यावर उरलेलं छप्पर. आणि मोकळा रस्ताही सगळ्यांना सारखा मोकळा नव्हता. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ १९३९ मध्ये उघडला गेला. त्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

या सगळ्यात पिकअप कुठे आहे? शेतावर. फोर्डनं १९२५ मध्ये मॉडेल टीला मागे पोलादी हौदा बसवून कारखान्यातूनच तयार पिकअप विकायला काढला, किंमत २८१ डॉलर. ते शेतकऱ्याचं, सुताराचं, दूधवाल्याचं अवजार होतं. सुट्टीला जाताना कुणी नांगर घेऊन जात नाही, तसा पिकअपही नेत नसत. तेव्हाचे पिकअप वजनावरून ओळखले जात, अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी. अर्धा टनी म्हणजे हौद्यात सुमारे हजार पौंड, आपल्या हिशेबात साडेचारशे किलो माल नेणारा. ही नावं आजही चालतात आणि त्यांत एक गंमत दडली आहे, तिच्याकडे येतो.

महायुद्ध संपलं आणि ट्रेलरचा सुवर्णकाळ सुरू झाला. पन्नास आणि साठच्या दशकांतली अमेरिकी मोटार म्हणजे भक्कम पोलादी सांगाडा, व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना जोर. आतून ती पिकअपपेक्षा फार वेगळी नव्हती. त्यामुळे स्टेशन वॅगनच्या मागे ट्रेलर हे सुट्टीचं ठरलेलं चित्र झालं. १९५४ चा 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा चित्रपट मिळाला तर जरूर बघा. ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ नवपरिणित जोडपं आहेत, मर्क्युरीच्या उघड्या मोटारीमागे भला मोठा ट्रेलर लावून निघतात. बायकोला छंद असा की प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एक धोंडा उचलायचा. लाडू-चिवड्याचे डबे भरावेत तसे धोंडे ट्रेलरमध्ये साठत जातात. पुढे सिएरा नेवाडाचा घाट येतो. नवरा म्हणतो धोंडे टाक, ती लपवून ठेवते. लोक हसले. पण वजनाचा हिशेब चुकला की काय होतं, हे त्या विनोदी चित्रपटाइतकं स्वच्छ मी कुठल्या माहितीपुस्तिकेत वाचलेलं नाही. ट्रेलर कारखान्यातून निघतो तेव्हा रिकामा असतो. माहितीपत्रकातलं वजन तेच असतं. धोंडे आपण भरतो.

१९६१ मध्ये एअरस्ट्रीमनं बांबी काढला, सोळा फुटांचा, वजन दोन हजार पौंडांच्या आत. साधी मोटार तो आरामात ओढू शके. त्याच सुमारास, १९६० च्या शरद ऋतूत, जॉन स्टाइनबेक हा लेखक आपला देश पाहायला निघाला. त्याच्याकडे पाऊण टनी जीएमसी पिकअप होता. पण ट्रेलर त्यानं मुद्दाम टाळला, डोंगरातल्या रस्त्यांवर तो वळवणं जिकिरीचं म्हणून. हौद्यावरच छोटी खोली बसवून घेतली आणि गाडीला नाव दिलं डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांते. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक संग्रहालयात उभी आहे. पिकअप आता भटकंतीत शिरला होता, पण अजून पाठीवर ओझं घेऊन, मागे घर ओढत नाही.

मग कोंबड्या आल्या. युद्धानंतर अमेरिकेतली कारखानी पद्धतीनं वाढवलेली स्वस्त कोंबडी युरोपात, विशेषतः पश्चिम जर्मनीत, धो धो जायला लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि १९६२ मध्ये युरोपच्या सामाईक बाजारानं तिच्यावर जबर कर लावला. अमेरिकेनं डिसेंबर १९६३ मध्ये उट्टं काढलं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयातकर बसवला. रोख फोक्सवॅगनच्या व्हॅन-पिकअपवर होता. कोंबड्यांचं भांडण केव्हाच विरलं, बाकी वस्तूंवरचे कर उठले, ट्रकवरचा मात्र राहिला. त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात.

या कराला बगल द्यायला काय काय केलं लोकांनी! जपानी छोटे पिकअप हौदा न बसवता आणायचे, कारण नुसत्या सांगाड्यावर कर कमी. हौदा अमेरिकेत बसवायचा. फोर्ड कुरिअर, शेव्हरोले लव्ह या गाड्या अशाच यायच्या, पहिली माझ्दानं बनवलेली, दुसरी इसुझूनं. ही फट १९८० मध्ये बुजवली. सुबारूनं तर ब्रॅट नावाच्या गाडीच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि ही प्रवासी गाडी आहे, ट्रक नाही, असं सांगितलं. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर अशी एक ब्रॅट होती. गंमत बाजूला ठेवा, पण परिणाम बघा. बाहेरच्या छोट्या, स्वस्त पिकअपला दार जवळजवळ बंद झालं आणि देशी मोठ्या पिकअपला भिंतीआडचा बाजार मिळाला.

दुसरा धक्का तेलाचा. १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. डिसेंबर १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला. प्रत्येक कंपनीच्या मोटारींनी १९८५ पर्यंत सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैल गाठायचे. हलक्या ट्रकना वेगळा, सैल नियम, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं अवजार. ही कारणमीमांसा तेव्हा चुकीची नव्हती. पण नियम जिथं सैल असतो तिकडे बाजार वाहतो. फोर्डचा एफ-१५० हा १९७५ चा पिकअपसुद्धा वजनाच्या रेषेवर बेतलेला होता. ६,००० पौंडांखालच्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागत होते, म्हणून त्याचं भरलेलं कमाल वजन त्या रेषेच्या जरा वर ठेवलं.

मोटारी मात्र बारीक होत गेल्या. जनरल मोटर्सनं १९७७ मध्ये आपल्या मोठ्या मोटारी शेकडो पौंडांनी हलक्या केल्या. मग पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या, वेगळा सांगाडा नसलेल्या गाड्या आल्या. पेट्रोल वाचलं, पण ट्रेलर ओढण्याची कुवत गेली. जुन्या वळणाच्या शेवटच्या मोठ्या स्टेशन वॅगन, ब्यूइक रोडमास्टर वगैरे, १९९६ मध्ये बंद झाल्या. त्या बनायच्या टेक्सासातल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात. त्या कारखान्याचं काय झालं? तिथं ट्रक आणि ट्रकच्या सांगाड्यावरच्या एसयूव्ही बनायला लागल्या. ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबाला मोटारीतून उतरवून ट्रकमध्ये बसवल्याचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही. कुणी कट केला नव्हता. कोंबडीवरचा कर, तेलावरचा कायदा, दोन्हींत ट्रेलरचा उल्लेखही नव्हता.

कुटुंब ट्रकमध्ये आलं तसा ट्रकही बदलला. चार दारं आली, चामड्याच्या सीट, काचेचं छत. आणि हा दिवाणखाना विकायला एक मर्दानी आकडा लागला : किती पौंड ओढतो. १९८९ मध्ये डॉजनं पिकअपमध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन बसवलं आणि शर्यत पेटली. प्रत्येक कंपनी आपली ओढक्षमता स्वतःच ठरवायची, स्वतःच्या पद्धतीनं. दरवर्षी दुसऱ्यापेक्षा शंभर पौंड जास्त. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच.

शेवटी २००८ मध्ये अभियंत्यांच्या संघटनेनं, एसएईनं, जे-२८०७ नावाचं सामाईक मानक काढलं. त्यातली मुख्य परीक्षा खऱ्या रस्त्यावरून घेतली आहे. ॲरिझोनात कोलोराडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून निघणारा रस्ता सुमारे अकरा मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढतो. बाहेर ३८ अंश सेल्सियस उष्णता, आत एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण भरलेला ट्रेलर, आणि नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्यानं निघायचं, पुढे आणि मागेही. टोयोटानं हे मानक सगळ्यांआधी, २०११ च्या टंड्राला लावलं आणि तिची ओढक्षमता कागदावर घटली. गाडी तीच, आकडा प्रामाणिक. इतर कंपन्या 'आधी तुम्ही, मग आम्ही' करत २०१५ च्या मॉडेलांपर्यंत थांबल्या. टोयोटाच्या त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे.

पण प्रामाणिक आकडाही पुरा नसतो. या परीक्षेत गाडीत दोन माणसं धरली आहेत, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. मुलं नाहीत, सायकली नाहीत, आजी नाही. म्हणून आता दार उघडा, चालकाचं. दाराच्या चौकटीवर टायरच्या माहितीचं एक लेबल असतं. टायर फुटून गाड्या उलटल्याच्या मोठ्या प्रकरणानंतर २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला, त्यातून आजचं हे लेबल आलं. त्यावर लिहिलेलं असतं की या गाडीत माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा, इतक्या पौंडांपेक्षा जास्त भार कधीही नसावा. याला पेलोड म्हणतात. ट्रेलरच्या दांडीचा भारही यातच मोजायचा. बैलाची मान ती हीच.

हिशेब करू. जाहिरातीत ११,००० पौंड ओढणारा, चार दारांचा, उंची सजावटीचा एक अर्धा टनी पिकअप घ्या. दारावर आकडा आहे १,२५० पौंड. घरातली चार माणसं ६२०. हौद्यात जनरेटर, बर्फाची पेटी, सायकली, मिळून २५०. जोडणीचं लोखंड ८०. झाले ९५०, उरले ३००. मागे छोटाच ट्रेलर आहे, भरून ४,५०० पौंडांचा. दांडीचा भार १२ टक्के धरला तर ५४०. गाडी २४० पौंडांनी जास्त भरली. आणि ओढक्षमतेचा निम्मा भागही वापरलेला नाही! ही ती मघाची गंमत. सजावटीचा प्रत्येक पौंड, काचेचं छत, मोटरवर हलणाऱ्या सीट, सगळं याच पेलोडमधून वजा होतं. शंभर वर्षं झाली, इंजिनाची ताकद कित्येक पटींनी वाढली, आणि भारी किमतीचा अर्धा टनी पिकअप पुन्हा अर्ध्या टनाच्या आसपास आला.

मग काय घ्यावं? छोट्या ट्रेलरसाठी मोठं डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते इंजिन स्वतःच जड असतं आणि पेलोड खातं. दुसरा मार्ग ट्रेलर हलका करण्याचा. कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ मध्ये फायबरग्लासचा तेरा फुटी बोलर काढला. हा गृहस्थ आधी फायबरग्लासच्या मैल्याच्या टाक्या बनवायचा, त्याच कवचाच्या कल्पनेतून हा अंड्यासारखा ट्रेलर आला. मिनेसोटाचा स्कॅम्प त्याच वंशातला. अशा ट्रेलरला आता पुन्हा छोटा पिकअप मिळतो. फोर्डचा मॅव्हरिक मेक्सिकोत बनतो, व्यापारकरारामुळे त्याला कोंबडीचा कर लागत आला नाही. मूळ रूपात तो फक्त २,००० पौंड ओढतो, खास सोय घेतली तर ४,०००. पण त्याचं पेलोड १,५०० पौंडांच्या घरात आहे, आपल्या हिशेबातल्या त्या मोठ्या गाडीपेक्षा जास्त. विजेवरचे पिकअप ओढायला जबरदस्त आहेत, पण ट्रेलर जोडला की एका चार्जिंगमधलं अंतर निम्म्यावर येतं. ट्रेलरचा उभा तोंडवळा वारा अडवतो, आणि त्याला इंजिन कुठलं आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी ट्रेलर, तोही पाणी, गॅस, भांडी, धोंडे सगळं भरून. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात, काही डॉलरांत वजन कळतं. मग दांडीचा भार, मग घरातली माणसं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत ना, आणि ते पिकअपमधून चालतात ना, हे बघा. आणि शेवटी विक्रेत्याकडे जा. तिथं माहितीपत्रक मागू नका. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, दोन्हींची दारं उघडा. लेबलांत तीनशे-चारशे पौंडांचा फरक निघू शकतो. विक्रेता तेव्हा ओढक्षमतेबद्दल बोलत असेल, त्याला बोलू द्या.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.